रोहिणखेडचा घाट आणि दोन बाप

मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड अगदी डोंगराच्या पायथ्याशी वसलं आहे. खाली काळ्या मातीचा सपाट मुलूख, तो पायनघाट. वर बुलढाण्याचं पठार, तो बालाघाट. वऱ्हाडची ही जुनी वाटणी. पाईन म्हणजे खालचं, बाला म्हणजे वरचं. फारसी शब्द आपल्या घाटाला असे चिकटले की आता वेगळे काढता येत नाहीत.

मागच्या फेब्रुवारीत शाळेतल्या काही मुलांना घेऊन मी इथून पायी वर गेलो. अजिंठ्याची ही रांग लाव्हाच्या थरांची, त्यामुळे चढ सलग नाही. कडा, मग सपाट टप्पा, मग पुन्हा कडा. गुरांची वाट सरळ छातीवर येते, गाडीवाट वळसे घेत जाते. पहिल्या टप्प्यावर दम खाताना मी इथल्या दोन लढाया सांगितल्या.

"सर, त्यात आपले कोण होते?" एकाने विचारलं.

प्रश्न मला टोचला. कारण दोन्ही वेळी दोन्ही बाजूंचे सेनापती मुसलमानच होते, आणि मुळात भांडणं घरातली होती.

१४३७ मध्ये खानदेशचा नासिरखान फारूकी वऱ्हाडात घुसला. त्याची मुलगी बहमनी सुलतान अलाउद्दीनला दिलेली. सुलतानाने संगमेश्वरच्या राजाच्या मुलीला जवळ केलं, पहिल्या बेगमेची आबाळ झाली, तिने बापाकडे तक्रार केली. बहमनी सरदार खलफ हसन बसरी याने रोहिणखेडला नासिरखानाचा पुरता पराभव केला. तो धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यात पळाला आणि त्याच वर्षी वारला.

दुसरी लढाई १५९१ ची. अहमदनगरच्या गादीवर इस्माईल हा लहान मुलगा होता, सत्ता मात्र जमालखानाच्या हातात. जमालखान महदवी, म्हणजे जौनपूरच्या सय्यद मुहम्मदांना महदी मानणाऱ्यांपैकी. इस्माईलचा बाप बुऱ्हाण अकबराच्या आश्रयाला गेलेला होता. तो खानदेशच्या राजा अलीखानाची फौज घेऊन परतला. याच पायथ्याशी जमालखान मारला गेला. बापाने मुलाला गादीवरून काढून कैदेत टाकलं आणि स्वतः सुलतान झाला. पाठ्यपुस्तकात यातलं काहीच नाही. मला वाटतं, कोणत्याच रकान्यात बसत नाही म्हणून नसावं.

गावात एक लहान पण देखणी मशीद आहे. जमालखानाचा साथीदार खुदावंदखान महदवी याने ती लढाईच्या नऊ वर्षं आधी, १५८२ मध्ये बांधली.

उतरताना मुलं गुरांच्या वाटेने धावत सुटली. गुडघ्यांपायी मी गाडीवाट धरली. मशिदीपाशी पोहोचलो तेव्हा सगळी सावलीला बसली होती आणि प्रश्न विचारणारा तो मुलगा बाकीच्यांना सांगत होता, "ही हरलेल्यांनी बांधली आहे."