दोन कडव्यांमधल्या संगीताचा अभ्यास: अँथनी गोन्साल्विस यांच्या निमित्ताने

हिंदी चित्रपटसंगीतावर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे. संगीतकार, गायक-गायिका आणि गीतकार यांच्यावरची पुस्तकं मोजायला बसलो तर कपाट पुरणार नाही. पण दोन कडव्यांच्या मध्ये वाजणारे ते पंधरा-वीस सेकंद कोणी लिहिले, व्हायोलिनवादकांसमोर कोणता कागद होता आणि तो कागद वाचायला त्यांना कोणी शिकवलं, याबद्दल आपल्याकडे फार थोडं हाती लागतं. या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्या अभ्यासकाचं मी मनापासून स्वागत करतो. सुरुवात एका कारकिर्दीपासून करतो, कारण या विषयाचे बहुतेक प्रश्न तिच्यात एकत्र भेटतात.

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ सालचा, दक्षिण गोव्यातल्या माजोर्डा गावचा. वडील चर्चमधल्या गायकवृंदाचे शिक्षक. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चना जोडून संगीताच्या शाळा होत्या. तिथं मुलं आधी स्वर तोंडानं म्हणायला शिकत, कागदावरची सुरावट वाचायला शिकत, आणि मग हातात व्हायोलिन येई. गावोगावच्या साध्या घरांतली मुलं या शिक्षणातून तयार झाली. पोटापाण्यासाठी ती मुंबईला आली, धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडांमध्ये, म्हणजे सामायिक वसतिघरांमध्ये राहिली, हॉटेलांत आणि बँडमध्ये वाजवू लागली. चित्रपट बोलू लागले तेव्हा स्टुडिओंना नेमके असेच वादक हवे होते. गोन्साल्विस १९४३ मध्ये नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून रुजू झाले.

पुढचं समजून घ्यायचं तर त्या काळचं रेकॉर्डिंग डोळ्यांसमोर आणायला हवं. संगीतकार पेटीवर चाल बसवी. ती चाल ऐकून संयोजक, म्हणजे अरेंजर, ती स्टाफ नोटेशनमध्ये उतरवून घेई, सुरुवातीचे आणि मधले पीसेस रची, आणि व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट अशा प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद तयार करी. गायक आणि वादक एकाच वेळी, एकाच जागी वाजवत. शेवटच्या ओळीत एकाचा बो चुकला तरी अख्खा टेक पुन्हा पहिल्यापासून. समोर आलेला कागद त्याच क्षणी वाचून वाजवणारा माणूस म्हणूनच मोलाचा होता. चिक चॉकलेट सी. रामचंद्रांसाठी, सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी हे काम करत. श्रेयनामावलीत त्यांच्या वाट्याला फार तर 'सहायक' एवढा शब्द येई. म्हणून या क्षेत्रात श्रेयनामावली हा पुरावा मानण्याआधी दोनदा विचार करावा.

गोन्साल्विस मात्र स्टुडिओतल्या कामावर थांबले नाहीत. गोव्याच्या त्या पिढीतल्या अनेकांना राग म्हणजे स्टुडिओत भेटणारी एक अनोळखी गोष्ट होती. गोन्साल्विस यांना ती आपल्या हार्मनीत आणावीशी वाटली. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात त्याचा कार्यक्रम केला. एकल गायनासाठी होते लता मंगेशकर आणि मन्ना डे. सारंग रागातला कन्चेर्टो, 'सोनाटिना इंडियाना' अशा त्यांच्या रचना याच ध्यासातून आलेल्या आहेत.

सारंगापाशी अभ्यासकानं जरा रेंगाळावं. पाश्चात्त्य हार्मनीची मूळ कॉर्ड तीन स्वरांची, सा-ग-प. गंधार शुद्ध की कोमल, यावर ती मेजर की मायनर ते ठरतं. आता वृंदावनी सारंग घ्या. त्यात गंधार वर्ज्य, धैवतही वर्ज्य. षड्जावरची कॉर्ड पुरी करायला गेलात की राग मोडला! उरतं ते प-नी-रे. शुद्ध निषाद घेतला तर ही कॉर्ड मेजर, कोमल निषाद घेतला तर तीच मायनर. म्हणजे शुद्ध निषादाच्या आरोहात एक रंग, कोमल निषादाच्या अवरोहात दुसरा. कोमल निषादावर आणखी एक मिळते, नी-रे-म. एवढ्या शिधासामग्रीवर अख्ख्या वाद्यवृंदाची पंगत उठवायची असते. उलट किरवाणीचे स्वर पाश्चात्त्यांच्या हार्मोनिक मायनरशी तंतोतंत जुळतात, तिथं वाट बरीच सरळ आहे.

दुसरी अडचण मींडेची. नोटेशनमध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणारी रेघ काढता येते, पण वाटेत कुठं रेंगाळायचं, कोणत्या कणाला नुसता स्पर्श करायचा, हे कागद सांगत नाही. एकटा वादक ते कानानं सांभाळतो. वीस व्हायोलिनांनी ते एकजीव वाजवायचं, तर कोणीतरी समोर उभं राहून, आधी गाऊन, मग हातानं दाखवून बसवून घ्यावं लागतं. व्हायोलिनवादक, कंडक्टर आणि शिक्षक अशी तीन खाती करून गोन्साल्विस यांच्याबद्दल लिहिण्याची पद्धत मला म्हणूनच पटत नाही. हे एकच काम होतं.

त्यातही शिकवणं हा त्यांच्या कारकिर्दीचा गाभा, असं माझं ठाम मत आहे. राहुल देव बर्मन आणि प्यारेलाल शर्मा हे दोघं त्यांचे विद्यार्थी. प्यारेलाल स्वतः व्हायोलिनवादक, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गाण्यांचं संयोजन मुख्यतः तेच करत. त्या गाण्यांतला भरघोस तंतुवाद्यांचा ताफा ऐकताना गुरूचा धडा पुढच्या पिढीत कसा पोचला, याचा माग काढता येतो. कोणाही प्रबंधकारानं हात घालावा असा हा विषय आहे.

१९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर चित्रपटसृष्टीपासून दूर माजोर्ड्यात राहिले आणि २०१२ मध्ये त्यांचं निधन झालं. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात प्यारेलाल यांच्यामुळे त्यांचं नाव देशभर दुमदुमलं. 'एका गाण्यानं अजरामर केलेला विस्मृत कलावंत' अशी हळहळ तेव्हापासून त्यांच्याभोवती जमली आहे. तिच्यात अडकू नये. त्यांचं संगीत काय करत होतं, हे त्या हळहळीतून कळत नाही.

वाट अगदीच अनवट राहिलेली नाही. ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या वादकांच्या मुलाखतींवर उभा केलेला २००८ चा इंग्रजी ग्रंथ, नरेश फर्नांडिस यांचं लेखन, आणि मराठी वाचकांच्या ओळखीचे अशोक राणे यांनी श्रीकांत जोशी यांच्यासह केलेला गोन्साल्विस यांच्यावरचा माहितीपट, ही तयारी आधी करावी. नोटेशन वाचता यावं, राग ओळखता यावा, कोकणी समजावी. यातली एखादी गोष्ट नसली तर ती ज्याला येते त्याला सोबत घ्यावं. एकट्यानं करण्याचं हे काम नाही.

पहिला अभ्यास म्हणून आवडीचं एक गाणं घ्या. शब्द बाजूला ठेवा. मधला एक पीस वाद्यांप्रमाणे वेगळा लिहून काढा, आणि तो कागद घेऊन त्या काळी स्टुडिओत बसलेल्या एखाद्या वादकाकडे जा. त्यांच्यातले जे आज आपल्यात आहेत त्यांनी बहुधा ऐंशी ओलांडली आहे, तेव्हा ही भेट पुढच्या वर्षावर टाकू नका.