अंबरनाथचा आंकडा आणि जुनीं भिंगें

कल्याणच्या पुढें गाडी निघाली म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशीं स्थानकें लागतात. उल्हासनगर अलीकडचें, सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं कल्याणच्या जुन्या लष्करी छावणींत वसविलेल्या या गांवास सन १९४९ मध्यें हें नांव मिळालें. पण त्याच्या शेजारींच, वालधुनी नदीच्या कांठीं, काळ्या पाषाणाचें एक शिवालय शिलाहारांच्या काळापासून उभें आहे. या देवालयाचें वय ठरवितांना एका आंकड्यानें विद्वानांना दोनशें वर्षांचा चकवा दिला होता. त्या आंकड्याची, आणि अशा गोष्टी जवळून पाहणाऱ्या जुन्या भिंगांची, हकीकत आज सांगावयाची आहे.

देवळाच्या उत्तरेकडील दारावरच्या तुळईवर एक लहानसा लेख आहे. त्यांत महामंडलेश्वर माम्वाणिराजाचें नांव आणि शकाचा आंकडा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो आंकडा ७८२ असा वाचला. म्हणजे सन ८६०. पुढें त्यांचेच शिष्य पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तोच आंकडा ९८२ असा वाचला. म्हणजे सन १०६०. फरक काय तो सात आणि नऊ यांतला. पण भांडुपच्या ताम्रपटावरून छित्तराज हा शके ९४८ मध्यें राज्य करीत होता हें ठरतें, आणि माम्वाणि हा त्याचा धाकटा भाऊ. पहिलें वाचन मानलें, तर धाकटा भाऊ थोरल्याच्या १६६ वर्षें आधीं सिंहासनावर बसतो! शिष्याचें वाचनच पुढें मान्य झालें.

यावरून भाऊ दाजींस कोणी उतावळे म्हणूं नये. ते जितके पुराणवस्तूंचे, तितकेच नव्या विद्येचेहि भोक्ते होते. सन १८५४ मध्यें मुंबईंत छायाचित्रणाची मंडळी स्थापन झाली, तिच्या सभासदांत ते होते. त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तर नांवाजलेले छायाचित्रकार. सन १८६८ मध्यें सरकारच्या हुकमावरून मुंबईच्या कलाशाळेनें याच देवळाचीं रेखाटनें, छायाचित्रें आणि ठसे घेण्याचें काम हातीं घेतलें. त्या काळीं कांचेवर कोलोडियनचा लेप द्यावयाचा, आणि तो ओला आहे तोंच चित्र घेऊन धुवावयाचें, अशी रीत होती.

भिंगांचीहि अडचण होती. पेट्झव्हालनें १८४० मध्यें सिद्ध केलेलें भिंग माणसाच्या मुद्रेसाठीं उत्तम. मध्यभाग रेखीव, कडा मात्र पुसट. सपाट शिळेवरील अक्षरांच्या ओळीस तें काय कामाचें? १८६६ मध्यें लंडनचा डालमायर आणि म्यूनिचचा श्टाइनहाइल यांनीं स्वतंत्रपणें अशीं भिंगें केलीं कीं, सरळ रेषा सरळच उमटावी. पुढें येना येथील झाइस कारखान्यांतून १९०२ मध्यें रुडॉल्फचें टेसार निघालें. चारच कांचा, पण चित्र कडेपर्यंत स्पष्ट.

हीं भिंगें अजून निकामी झालेलीं नाहींत. जुन्या पेटींत पडलेलें भिंग नव्या कॅमेऱ्यास जोडून मध्यें पोकळ नळी किंवा भाता घातला कीं, तें जवळचें पाहूं लागतें. हिशोब सोपा आहे. ५० मिलिमीटर केंद्रांतराचें भिंग आणखी ५० मिलिमीटर पुढें सरकविलें, तर वस्तु तिच्या मूळ आकाराएवढी उमटते. पण प्रकाश चौथाई होतो, म्हणून चौपट वेळ द्यावा लागतो. त्याहून मोठें चित्र हवें असल्यास भिंग उलटें बसवावें. छायाचित्रें मोठीं करण्याच्या यंत्रांतील भिंगें मुळांतच जवळच्या सपाट कागदासाठीं घडविलेलीं. त्यांना हें काम विशेष साधतें. जुन्या भिंगांचें छिद्र हातानें फिरवून लहान करतां येतें, ही आणखी एक सोय. लेख उंचावर असेल, तर १३५ मिलिमीटरचें भिंग बरें. दूर उभें राहूनहि अक्षर मोठें दिसतें.

दोन सूचना मात्र ध्यानांत ठेवाव्या. एक, आपल्याकडील पावसाळ्यांत भिंगांच्या आंत बुरशी धरते. तीं कोरड्या डब्यांत ठेवावीं. दुसरी अधिक महत्त्वाची. झिजलेलें अक्षर समोरच्या उजेडांत दिसत नाहीं. उजेड बाजूनें, शिळेला घासून जाईल असा यावा, म्हणजे खोलगट रेघेंत सावली भरते आणि गेलेलें वळण पुन्हां दिसतें. सात कीं नऊ, याचा निकाल अशाच सावलींत लागत असतो.

कागद भिजवून, ठोकून ठसा घेण्यांत शिळेला हात लागतो. भिंग तिला शिवतहि नाहीं. अंबरनाथाच्या बाह्य भिंतींवरील मूर्तींचीं बोटें, नाकें, अलंकार ऊन, पाऊस आणि धूर यांनीं दरसाल थोडे थोडे झिजत आहेत. आज कोणी त्यांचें जवळून, तारीख घालून चित्र घेऊन ठेवील, तर शंभर वर्षांनीं त्यावर वाद घालणाऱ्यास पुरावा राहील. भाऊ दाजींच्या वाचनावर भगवानलालांना पुन्हां बोलतां आलें, कारण तो आंकडा तेव्हां शिळेवर शिल्लक होता.