नऊ धावा कमी

आमच्या सेलूच्या शाळेची बॅच मागच्या दिवाळीत पुन्हा एकत्र आली होती. पस्तीस वर्षांनी! टकलं, पोटं, मुलांची पॅकेजेस असं सगळं बोलून झालं, आणि जेवताना एकजण माझ्या शेजारी येऊन बसला. हसत म्हणाला, "सेहेचाळीस नॉट आऊट. आठवतंय का?"

मला खरंच आठवेना. मग त्याने आठवण करून दिली.

आठवीत असताना दोन तुकड्यांची मॅच होती. बॅट माझी, बॉल माझा, त्यामुळे कॅप्टनही मीच. (सेलूत तेव्हा कॅप्टन निवडायची हीच पद्धत होती.) हा पठ्ठ्या आऊटच होईना. आमचा स्कोअर त्यांनी कधीच मागे टाकला होता, तरी त्याला पन्नास करायचे होते. मी वैतागलो, स्टंपा उपटल्या, बॅट काखोटीला मारली आणि घरी निघून आलो. तो सेहेचाळीसवर उभाच राहिला. मी हे सगळं विसरून गेलो होतो, पण त्याच्या डोक्यात तो आकडा इतकी वर्षं तसाच होता.

परतताना गाडीत मला आजोबा आठवले. त्या संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ओसरीवर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "म्हणजे तू राजकोटचा ठाकोरसाहेब झालास की!" आणि मग त्यांनी मला भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट सांगितली.

गोष्ट १९४८-४९ च्या रणजी मोसमाची. त्या डिसेंबरात पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड सामना झाला. काठियावाड २३८ मध्ये गुंडाळलं गेलं. मग निंबाळकर खेळायला आले आणि खेळतच राहिले. के. व्ही. भांडारकरांबरोबर दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावांची भागी, भांडारकर २०५ वर बाद. महाराष्ट्र ४ बाद ८२६, त्यात निंबाळकर नाबाद ४४३, ४९ चौकार आणि एक षटकार. ब्रॅडमनचा नाबाद ४५२ चा विश्वविक्रम फक्त नऊ धावांवर होता. दोन-तीन षटकांचं काम! पण मध्यंतरात काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळायला नकार दिला. संघ सामना सोडून निघून गेला. निंबाळकर ४४३ वरच राहिले.

तेव्हा मला ठाकोरसाहेबांचा भयंकर राग आला होता. आज वाटतं, त्यांचीही काही बाजू असेलच. दिवसच्या दिवस उन्हात पळायचं, ५८८ धावांची पिछाडी आणि जिंकायची आशा शून्य. तशा सामन्यात आपल्या नावापुढे कायमचा विश्वविक्रम लागावा असं कुणाला वाटेल? त्यांना वाटलं असेल, निकाल तर लागलाच आहे, आता उरलंय काय?

पण त्याच मोसमात, जेमतेम तीन महिन्यांनी, तीच वेळ महाराष्ट्रावर आली. मार्च १९४९, गाव पुन्हा पुणेच, आणि उपांत्य सामन्यात समोर मुंबई. निकाल लागेपर्यंत खेळायचं असा तो सामना, सात दिवस चालला. मुंबई ६५१, महाराष्ट्र ४०७. मुंबईने पुन्हा बॅटिंग करून ८ बाद ७१४ वर डाव सोडला. माधव मंत्री (सुनील गावसकरांचे मामा) यांच्या २०० धावा, उदय मर्चंट आणि दत्तू फडकर यांची दोन्ही डावांत शतकं. महाराष्ट्रापुढे आव्हान किती, तर ९५९ धावा!

आता सांगा, हा सामना सोडून द्यायला कारण कमी होतं का? पण कुणी सामान आवरलं नाही. महाराष्ट्र मैदानात उतरला आणि ६०४ पर्यंत पोचला. पहिल्या डावात १३३ काढणाऱ्या रेगेंनी दुसऱ्यातही शतक ठोकलं. हरले ते ३५४ धावांनी. मुंबईने पुढे बडोद्याला हरवून रणजी करंडक नेला. पण चार डावांच्या मिळून २३७६ धावा झाल्या, आणि प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातल्या धावांचा तो विश्वविक्रम आजही टिकून आहे. हरणाऱ्यांच्या त्या ६०४ धावा नसत्या, तर तो झालाच नसता.

हे सगळं आजोबांना तेव्हा सेलूत बसून कळलं होतं असं मुळीच नाही. आपलं गाव तेव्हा हैदराबाद संस्थानातलं. पोलीस ॲक्शन होऊन तीन महिने झाले होते. कोण परत आलं, कोण नाही, याच्या चौकशा चाललेल्या. ते म्हणायचे, "पुणं तेव्हा आमच्यासाठी दुसऱ्या राज्यातलं गाव. क्रिकेटची बातमी कुणाला हवी होती?" पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, तेव्हा कुठे तो संघ 'आपला' झाला. पण माणसाला एकदा आपलं म्हटलं की त्याचं मागचं दुःखही आपलंच होतं. आजोबा निंबाळकरांच्या त्या नऊ धावांसाठी घरातलं कुणीतरी असल्यासारखे हळहळायचे.

निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना एकही मिळाला नाही. पुढे १९५९ साली हनीफ मोहम्मदने ४९९ केल्या, १९९४ साली लाराने नाबाद ५०१. तरी भारतीय खेळाडूची सर्वोच्च खेळी अजून तीच, ४४३. निंबाळकर गेले ११ डिसेंबर २०१२ ला. दुसऱ्या दिवशी त्यांना त्र्याण्णव वर्षं पूर्ण झाली असती.

असो. मित्राला मी त्या रात्री सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "सोड रे, चार रन तर होते." मीही आठवीत असताना हेच म्हणालो होतो, "चार रनांनी काय होतं?" पण ते म्हणायचा हक्क त्याचा होता, माझा नव्हता.

घरी आल्यावर मुलाला ही गोष्ट सांगितली. त्याने मोबाईलवरून मान वर न करता विचारलं, "बाबा, मग त्यांनी दुसऱ्या दिवशी परत मॅच का नाही घेतली?"

तुमच्याकडे उत्तर आहे का?