दीड इंचाचें भिंग

भंडाऱ्यास रेल्वेनें जाणारास वरठीस उतरावें लागतें. स्थानकाच्या पाटीवर नांव मात्र 'भंडारा रोड' असें आहे. या गांवीं कोजागरीच्या रात्रीं आटीव दुधाची वाट पाहत आम्ही गच्चीवर बसलों असतां, घरचे एक चिरंजीव टेलिफोटो झूम लेन्स लावलेला कॅमेरा तिवईवर चढवून चंद्राचीं चित्रें घेत होते. पहिल्या चित्रांत चंद्राच्या जागीं नुसता पांढरा ठिपका उमटला. "याहून मोठी लेन्स हवी," असा निष्कर्ष त्यांनीं तत्काळ काढला. तो ऐकून आम्हांस एक जुनी हकीकत आठवली.

प्रथम त्या ठिपक्याविषयीं. चंद्राचें बिंब आकाशांत अर्ध्या अंशाएवढेंच असल्यामुळें त्याची प्रतिमा भिंगाच्या नाभीय अंतराच्या सुमारें ११० व्या हिश्शाएवढी उमटते. ४०० मिलिमीटरांच्या लेन्सनें ती साडेतीन मिलिमीटरांहून किंचित् मोठी होते, इतकेंच. परंतु ठिपका पांढरा होण्याचें कारण निराळें आहे. भोंवतीं रात्र असली तरी पौर्णिमेच्या चंद्रावर लख्ख ऊन पडलेलें असतें. उन्हांतल्या खडकाचें चित्र जितक्या अल्प क्षणांत घ्यावयाचें, जवळजवळ तितक्याच क्षणांत चंद्राचेंही घ्यावें लागतें. म्हणजे प्रतिमेचा आकार ही एक गोष्ट आणि प्रकाशाचें मान ही दुसरी.

या दोहोंतील भेद महाराष्ट्राच्या भूमीवर एकदां फार ठळकपणें दिसून आला. ता. २२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास सूर्यग्रहणाची छाया विजयदुर्गाकडून सोलापूर जिल्ह्यांतील जेऊरवरून वऱ्हाडांत व तेथून ईशान्येस गेली. दुष्काळ नुकताच सरला होता, आणि मुंबई-पुण्याकडे प्लेगची दहशत होती. तरीही खग्रास स्थितीच्या अवघ्या दोन मिनिटांसाठीं दूरदूरचे ज्योतिषी येथें आले. विजयदुर्गास सर नॉर्मन लॉकियर होते. जेऊरला अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांनीं तळ दिला होता. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रो. कावसजी दादाभाई नायगांववाला यांची छावणीही जेऊरलाच होती.

कॅम्बेल यांचा कॅमेरा ४० फूट लांबीचा होता व त्याचें भिंग ५ इंच व्यासाचें. वरील हिशेबानें अशा कॅमेऱ्यांत चंद्राचें काळें बिंब सव्वाचार इंचांहून मोठें उमटतें. सूर्याच्या कडेलगतच्या प्रभेचे बारकावे टिपण्यास याहून उत्तम साधन तें कोणतें? परंतु येथें नाभीय अंतर व्यासाच्या ९६ पट होतें. मोठ्या प्रतिमेवर प्रकाश पसरून पातळ होतो. म्हणून सूर्यापासून दूरवर गेलेले प्रभेचे अतिमंद किरण अशा यंत्राच्या हातीं लागणें कठीण.

ते किरण दुसऱ्याच ठिकाणीं सांपडले. वरठीवरून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग पुढें मुंबईस जातो. त्यावर वर्धेपलीकडचें पुलगांव सोडलें कीं तळणी लागतें. तेथें ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या छावणींत श्रीमती ॲनी मॉन्डर आपल्या पतीसह आल्या होत्या. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजांत त्यांनीं गणिताचा अभ्यास पुरा केला होता, परंतु स्त्रियांस पदवी देण्याची तेथें चाल नव्हती. १८९१ सालीं त्या ग्रिनिच वेधशाळेंत महिना ४ पौंडांवर गणकाचें काम करूं लागल्या, आणि १८९५ सालीं विवाह होतांच तें पदही त्यांस सोडावें लागलें. तळणीस त्यांच्याजवळ एका छोट्या कॅमेऱ्याचें दीड इंच व्यासाचें, आंखूड नाभीचें भिंग होतें. प्रतिमा लहान, पण प्रकाशानें दाट. त्या भिंगानें सूर्यापासून निघालेला एक किरण इतक्या दूरपर्यंत टिपला, कीं तितका लांब किरण तोंवर कोणाच्याही चित्रांत आला नव्हता. १८९२ सालीं रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनें या बाईंस सभासदत्व नाकारलें होतें. तें त्यांस मिळण्यास १९१६ साल उजाडावें लागलें.

आतां पुण्याकडे वळूं. नायगांववालांच्या वेधशाळेंतील २० इंची परावर्तक दुर्बीण त्या काळीं हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती. १९१२ सालीं ते निवृत्त झाले, तशी वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. यंत्र होतें, पण तें पुढें चालविणारी परंपरा पुण्यानें निर्माण केली नव्हती. मोठ्या यंत्राचा आम्हांस तिटकारा नाहीं. ४० फुटी कॅमेऱ्याचें काम दीड इंचाचें भिंग करूं शकलें नसतें. मात्र आपणांस काय टिपावयाचें आहे, हें ठरविणारें माणूस यंत्रामागें नसेल, तर २० इंचही अपुरे पडतात आणि असेल, तर दीड इंच पुरतो.

हें सांगून होईपर्यंत दूध आलें. चिरंजिवांनीं लेन्स तीच ठेवून प्रकाशाचा वेळ पुष्कळ कमी केला व पुन्हां चित्र घेतलें. चंद्र तेवढाच लहान होता, पण आतां त्यांत ससा दिसत होता.