फ्रँकफर्ट मार्ग

फ्रँकफर्ट मार्ग : व्यसनाधीनांना गुन्हेगार नव्हे, रुग्ण मानणारे जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराचे आरोग्यधोरण. एका शहरातील कार्यक्रम देशभर कसा पसरतो, हे समजण्यासाठी ते मुळातून अभ्यासावे असे आहे. 1980 नंतरच्या दशकात बँकांच्या उंच इमारतींलगतच्या टाउनुसअनलागं बागेत उघड्यावर हेरॉइन टोचले जाई. 1991 मध्ये शहरात अमली पदार्थांमुळे 147 जण दगावले.

विस्ताराचा पाया 1988 पासूनच्या ‘सोमवारच्या बैठकी’त घातला गेला. पोलीस, सरकारी वकील, आरोग्य खाते व मदतसंस्था तेथे नियमित एकत्र बसत. ज्यांचा विरोध पुढे कार्यक्रम अडवू शकला असता, तेच त्याचे भागीदार झाले. या धोरणाचे खरे बळ हेच. हाच दृष्टिकोन मांडणाऱ्या 1990 च्या फ्रँकफर्ट ठरावावर ॲम्स्टरडॅम, हॅम्बर्ग व झुरिक या शहरांनीही सह्या केल्या. देखरेखीखालील सेवनकक्ष कायद्यात बसतात, असा अभिप्राय सरकारी वकील हाराल्ड क्योर्नर यांनी दिला आणि 1994 मध्ये शहरात असा कक्ष सुरू झाला. निर्जंतुक सुया, प्रशिक्षित कर्मचारी, तातडीचे उपचार व मेथाडोन या पर्यायी औषधाच्या उपचारांची वाट हे या व्यवस्थेचे घटक.

2000 मध्ये संघीय कायद्याने सेवनकक्षांना मान्यता देऊन किमान निकष ठरवले. अंमलबजावणी मात्र प्रत्येक राज्याच्या स्वतंत्र नियमावलीवर सोडली. त्यामुळे अशी नियमावली न करणाऱ्या बायर्नसारख्या राज्यांतील रुग्ण या सेवेपासून वंचित राहिले, ही गंभीर उणीव होय. हेरॉइन-आधारित उपचारांची चाचणी 2002 पासून फ्रँकफर्टसह सात शहरांत झाली; 2009 मध्ये ते कायद्याने नियमित उपचार ठरले.