मांडीतील स्नायूची जबानी

अस्थींना जखडलेले ऐच्छिक स्नायू निरोगी पुरुषाच्या देहभाराचा सुमारे दोनपंचमांश हिस्सा व्यापतात. तथापि पहिल्या शतकात सेल्ससने लाली, सूज, उष्णता व वेदना ही दाहाची चार लक्षणे लिहून ठेवली त्याला अठरा शतके लोटली, तरी वैद्यकाच्या दप्तरी स्नायूची नोंद केवळ मेंदूच्या हुकुमाचा ताबेदार एवढीच राहिली. कारण उघड आहे: स्नायू तपासावयाचा तो प्रेताचा, आणि प्रेताचा स्नायू श्रम करीत नाही.

जिवंत मनुष्याच्या स्नायूचा कण सुईने काढून पाहण्याचा प्रघात पॅरिसच्या द्युशेन या वैद्याने घातला. ज्या बालकांच्या पोटऱ्या फुगत जातात आणि बळ मात्र ओसरत जाते, त्यांच्या व्याधीचे वर्णन त्याने 1868 साली केले, ते अशाच नमुन्यांच्या आधाराने. कोकेनने डोळा बधिर करण्याची युक्ती निघाली ती त्यानंतर सोळा वर्षांनी, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या बालकांच्या सोशिकतेपुढे मस्तक नम्र होते.

पुढे मागे पडलेल्या या सुईला स्वीडनच्या योनास बेरिस्ट्रम याने 1962 मध्ये नवे रूप दिले, आणि 1966 साली तो व त्याचा सहकारी एरिक हुल्टमन यांनी स्वतःचीच मांडी तपासणीस देऊन, एकाच सायकलीच्या दोन बाजूंना बसून एकेका पायाने ती थकेपर्यंत चालविली. नंतरच्या तीन दिवसांच्या पिष्टमय आहाराने ग्लायकोजेनचा विपुल साठा झाला तो श्रमलेल्या पायातच, विसावलेल्या पायात नव्हे.

एका पायाची साक्ष दुसऱ्या पायाशी ताडून पाहण्याचा हाच शिरस्ता कोपनहेगनच्या संशोधकांनी उचलला. श्रमानंतर रक्तात वाढणारे इंटरल्यूकिन-6 हे दाहाचे संदेशद्रव्य पांढऱ्या पेशींचेच असावे, असा तोवर समज होता. परंतु 2000 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पाच तास एकच पाय चालविणाऱ्या पुरुषांच्या दोन्ही मांड्यांतील शिरांचे रक्त तपासता, ते द्रव्य श्रमणाऱ्या पायातूनच स्रवत असल्याचे आढळले. याहून विलक्षण शोध 2003 चा: जंतुविष अल्प मात्रेत टोचले असता रक्तात चढणारा दाहकारी टीएनएफ, आधी दीर्घकाळ सायकल चालविलेल्यांत, तसेच इंटरल्यूकिन-6 शिरेतून दिलेल्यांत, चढेनासा झाला.

ताबेदाराला स्वतःचा अखत्यारही आहे, हे असे सिद्ध झाले. पण त्याचा उपयोग सदैव हितकरच होतो असे नाही. निरोगी स्नायुतंतूवर जवळजवळ न आढळणारी एचएलए प्रथिने स्नायुदाहाच्या रोग्यांत तंतूच्या पृष्ठभागी प्रकटतात व मारक लसिकापेशींना लक्ष्य दाखवितात; प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी स्नायुपेशीही इंटरफेरॉन-गॅमा या दाहाच्या संदेशद्रव्याच्या स्पर्शाने तीच प्रथिने धारण करतात.

या इतिहासात शोधकर्त्यांची नावे ग्रंथांतून टिकली. ज्यांनी आपली मांडी सुईपुढे केली त्या अनामिक माणसांचा वाटा मात्र, माझ्या मते, त्यांच्याहून कमी नाही.