बिल्या क्रस्तिच आणि बदनाम झालेली लोकगीतं

पॉप गाणारी बाई वय वाढल्यावर लोकगीतांकडे वळली की आपण म्हणतो, "चला, आता मातीची ओढ लागली." सर्बियाच्या बिल्या क्रस्तिचबद्दल एवढंच म्हणून थांबणं मला पटत नाही. ती वळली तेव्हा तिच्या देशात 'लोकसंगीत' हा शब्दच पार मळलेला होता.

बिल्याचा जन्म १९५५ चा, दक्षिण सर्बियातल्या निश शहरातला. सत्तरच्या दशकात ती आधी 'सुन्त्सोक्रेत' (म्हणजे सूर्यफूल) आणि मग जॉर्जे बालाशेविचच्या 'रानी म्राझ' या गटात गायची. पुढे तिने एकटीच्या नावावर पॉप अल्बम केले. तेव्हा युगोस्लाविया एकसंध होता.

मग तो फुटला. १९९२ मध्ये सर्बियावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. १९९३ मध्ये महागाई अशी भडकली की ५०० अब्ज दिनारांची नोट छापावी लागली! याच काळात टीव्हीवर 'टर्बो-फोक' गाजत होतं. खाली डिस्कोचा ठेका, वर लोकगीतासारख्या मुरक्या. या संगीताची सम्राज्ञी त्सेत्सा. १९९५ मध्ये तिने अर्कानशी लग्न केलं आणि तो सोहळा टीव्हीवर दाखवला गेला. हा अर्कान क्रोएशिया आणि बोस्नियाच्या युद्धांत खाजगी सेना घेऊन लढलेला माणूस. पुढे हेगच्या न्यायालयाने त्याच्यावर युद्धगुन्ह्यांचा आरोप ठेवला. अशा वेळी शहरातल्या शिकल्यासवरल्या माणसाला लोकगीत म्हटलं की काय आठवत असेल, याची कल्पना करा.

बिल्या बेलग्रेड रेडिओत संगीत संपादक होती. तिथे तिच्या कानावर खेड्यापाड्यांतली जुनी ध्वनिमुद्रणं पडली. १९९९ मध्ये नाटोची ७८ दिवसांची बॉम्बफेक झाली, ऑक्टोबर २००० मध्ये मिलोशेविचची सत्ता गेली आणि २००१ मध्ये तिचा 'बिस्त्रिक' हा अल्बम आला. कीबोर्डचा गोंगाट नाही. बायकांचे एकमेकींत मिसळणारे आवाज आणि बेताची वाद्यं. २००२ च्या 'झोना झाम्फिरोवा' या खूप चाललेल्या चित्रपटातही हे संगीत वाजलं. त्याची गोष्ट निशमधलीच, म्हणजे तिच्याच गावची.

मला यात सर्वांत मोलाचं काय वाटतं सांगू? तिने गाणी फक्त सर्बियाची घेतली नाहीत. कोसोवोची घेतली, मॅसेडोनियाची घेतली. ज्या प्रदेशांवरून नुकतंच रक्त सांडलं होतं किंवा जे वेगळे देश झाले होते, तिथली गाणी एकाच गळ्यातून शेजारी शेजारी आली. झेंडेवाल्यांना लोकसंगीत हवं असतं ते "हे फक्त आमचं" असं म्हणायला. पण खरी जुनी गाणी शोधायला निघालं की नेमकं उलटं होतं. लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलीबरोबर, मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराबरोबर गाणं डोंगरापलीकडे गेलेलं असतं. सीमा नंतर आली.

म्हणून मला हे मुळांकडे परतणं वाटत नाही. कुणीतरी बळकावलेली वस्तू शांतपणे परत मागून घेणं वाटतं, आणि तेही घोषणा न देता, नुसतं नीट गाऊन.

असो. सर्बियन भाषेतला एक शब्द मला कळत नाही, तरी हा अल्बम मी पुन्हा पुन्हा ऐकतो. तुम्हीही ऐका आणि कसा वाटला ते कळवा.